कळसाडी फाटा, किलोमीटर सत्तेचाळीस

“फाटाना दगडवर यंदाना आकडा परत ठसठशीत काढ, आबा. वर हिरवी टोपी, नि तेन्हाखाले लाल रंगमा सत्तेचाळीस. साहेब गाडीमा झोपेल व्हई तरी त्याले दिखाले जोयजे.”

नवलसिंगने रंगाचा डबा ओट्यावर ठेवला आणि स्वतः बाजेवर पाय वर घेऊन बसला. तो गावचा माजी सरपंच. सगळे त्याला बापू म्हणत. गिरधर समोर टाळांच्या दोऱ्या बदलत होता. सप्ता पाच दिवसांवर आलेला. दर सप्त्याआधी मंदिरातले अकरा जोड टाळ त्याच्याकडे येत, जुन्या दोऱ्या काढून नव्या ओवायला. त्याने डब्याकडे एकदा पाहिलं. हातातली गाठ सुटली. त्याने ती परत मारली.

“दगडवर लाल आकडा ऱ्हास नही, बापू. काळा ऱ्हास.”

“तो सरकारना दगडवर. हाऊ दगड आते आपला शे.” नवलसिंगने आवाज खाली आणला. “नवनीत आबा कसा गया, सर्वासले माहित शे. आपला सत्तेचाळीस उचलीसन त्यासनी तापीपार नेई ठेवा, नि अँब्युलन्स तठे गयी. निवेदनमा मी तेच लिखेल शे. आम्हना जुना आकडा परत द्या. काल्याना दिवशे तालुकाना साहेब येनार शेतस. त्यासना समोर महाराजसना हातथून तुन्हा सत्कार. सर्वा रस्तावर आकडा जपनारा तू एकलाच.”

गिरधरने पुढचा टाळ ओढून घेतला. त्याची बायको भिकुबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभी होती.

“त्यासना हात आजकाल थरथरस, बापू. दुसरा कोनले सांगा.”

“तेहतीस वरीस दगड लिखेल हात शे काकू तो. झोपमा बी लिखी.”

चहा पिऊन नवलसिंग गेला. डबा तिथेच राहिला. भिकुबाईने तो उचलून बाजेखाली सारला, नवऱ्याच्या नजरेआड.

गिरधर मैलकुली होता. हा शब्द आता कचेरीतल्या कागदांवरसुद्धा फारसा दिसत नाही. रस्त्याचा एक तुकडा एका माणसाच्या हवाली करायचा आणि त्या तुकड्याचं बरंवाईट त्याने बघायचं, अशी ती जुनी रीत. गिरधरकडे बेचाळीस ते एकोणपन्नास असे आठ किलोमीटर होते. खड्डे बुजवायचे, मोऱ्यांची तोंडं मोकळी ठेवायची, बाजूचं गवत कापायचं, आणि दिवाळीच्या आधी दगडांना चुना देऊन आकडे लिहायचे. बाकीची कामं त्याने पगारासाठी केली. आकडे मात्र त्याने देवासाठी केल्यासारखे केले. जुन्या मुकादमाने त्याला शिकवलं होतं, की आठ काढताना आधी पोट काढायचं, मग मान. सातची शेपटी एका श्वासात ओढायची. तो श्वास धरायला गिरधरला भजनाची सवय कामी येई. मनात चाल धरायची आणि समेवर ब्रश उचलायचा.

कीर्तनात टाळकऱ्याची जागा मागे असते. लोक बुवांकडे बघतात, त्याच्याकडे कोणी बघत नाही. पण त्याची लय चुकली तर लहान पोरालाही कळतं. गिरधरचं सगळं आयुष्य असं मागच्या ओळीत उभं राहून लय सांभाळण्यात गेलं होतं, आणि त्याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

त्याच्या शेजारी वीणा घेऊन उभा राहणारा नवनीत. दोघे एकाच आळीतले, एकाच वर्षी माळ घातलेले. गिरधर दगड लिहीत असला की नवनीत शेतातून येताना मोरीच्या कठड्यावर टेके, बिडी न ओढता नुसती हातात फिरवे आणि नवी चाल गुणगुणून दाखवे. एका वर्षी सरकारी चुना आलाच नाही. तेव्हा नवनीतच्या बायकोने, गुलाबबाईने, घराला मारून उरलेला चुना बादलीभर दिला. गुलाबबाईचा हात निळीच्या बाबतीत सैल. इतरांची घरं पांढरी, हिचं घर आभाळासारखं. गिरधरने तोच चुना सत्तेचाळीसच्या दगडाला फासला. आठवड्याने साहेब आले, गाडीतून उतरून दगडाभोवती फिरले आणि गिरधरला लेखी खुलासा मागितला, की शासकीय दगड निळा का. त्या कागदावर नवनीत पुढची वीस वर्षं हसला. “मन्ही बायकोना रंग सरकारले सोसाना नही,” असं म्हणायचा.

कळसाडी गाव फाट्यापासून दोन किलोमीटर आत. दगडावर गावाचं नाव कधीच नव्हतं. एवढ्याशा गावाचं नाव कोण लिहितो. आकडा होता तेवढाच. म्हणून गावाने तो आकडाच आपला मानला. बस कंडक्टरला सत्तेचाळीस सांगितलं की तो घंटी मारी. सोयरिकीला पाहुणे येत ते सत्तेचाळीसवर उतरत. सप्त्याच्या पत्रिकेत नवनीत दरवर्षी छापून घेई: स्थळ, कळसाडी फाटा, किलोमीटर सत्तेचाळीस.

गिरधर निवृत्त झाला आणि दुसऱ्याच वर्षी रस्त्यांचे नंबर बदलले. नऊ नंबरचा राज्य मार्ग नाहीसा झाला. दोन जुने रस्ते एकमेकांना जोडून त्यांचा एक राष्ट्रीय मार्ग केला, त्याला तीन आकडी नंबर आणि पाठीमागे एक इंग्रजी अक्षर. शून्याचा दगड छत्तीस किलोमीटर मागे सरकला. ठेकेदाराची माणसं पत्र्याचे छाप घेऊन पिकअपमधून आली, एका दुपारात गिरधरचे आठही दगड उरकून गेली. हिरव्या टोप्या पिवळ्या झाल्या. सत्तेचाळीसचा त्र्याऐंशी झाला, आणि सत्तेचाळीस हा आकडा तापीपलीकडच्या एका दगडावर गेला. मोजणीची साखळी लावून बघितलं असतं तर दगड दोनशे पावलं इकडेतिकडे हलवावे लागले असते, पण त्यांनी आहे त्या दगडावर जवळचा आकडा ठोकला. छापाचे आकडे, मध्येमध्ये तुटलेले. आठला पोट नाही.

“हाऊ आकडा काय दखाडस?” नवनीत तेव्हा म्हणाला होता. “सप्ताले मानसं कशा येतीन? एकतरी दगड आपला राहू दे, गिरधर.”

मग गिरधरने आपल्या पैशाने हिरवा रंग आणला, टोपी रंगवली, चुना दिला आणि त्र्याऐंशीवर सत्तेचाळीस लिहिला. दरवर्षी सप्त्याच्या महिनाभर आधी तो ते नेमाने करू लागला. रस्त्याने येणाऱ्याला आता एक्क्याऐंशी दिसे, ब्याऐंशी दिसे, मग सत्तेचाळीस, मग चौऱ्याऐंशी. रस्ते खात्याच्या गाडीतले लोक बघून हसत आणि पुढे जात. गावाला त्याचा अभिमान होता. गिरधरलाही होता, आणि तो त्याने देवापासून लपवला नाही.

यंदा त्याने आकडा लिहिला आणि चौथ्या दिवशी नवनीत त्याच दगडापाशी पडला.

सारंगखेड्याची दत्ताची यात्रा चालू होती. नवनीत शहाद्याहून वीणेच्या तारा घेऊन लुनावर येत होता. दिवेलागण झालेली. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. ट्रॉली थांबलीसुद्धा नाही. मागून आला तो सारंगखेड्याच्या बाजारातून दोन घोडे घेऊन परतणारा एक परमुलखातला घोडेवाला. त्याने ट्रक आडवा लावला, घोड्याच्या अंगावरची झूल काढून नवनीतवर टाकली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि फोन लावला. गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. फोनवर कोणी विचारलं असेल, कुठे आहात. त्याने मान वळवली आणि समोर जे होतं ते वाचलं.

गिरधर त्या वेळी मंदिरात हरिपाठाला टाळ वाजवत होता आणि दाराकडे बघत होता, की आज नवनीत कुठे राहिला. गावात निरोप पोचेपर्यंत पाऊण तास गेला. गावातून फोन गेला तेव्हा गाडी तापीच्या पलीकडे होती. ती आली तेव्हा झुलीखालचा हात गिरधरच्या हातात गार झालेला होता. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. तो खोटं बोलायला शिकलेला नव्हता. अर्धा तास आधी आणलं असतं तर, एवढं तो गुलाबबाईसमोर म्हणाला आणि पुढचं वाक्य त्याने गिळलं.

गाव सरकारवर संतापलं. गिरधरही संतापला. तो राग त्याला महिनाभर पुरला असता, पण मागच्या आठवड्यात तो रक्तदाबाच्या गोळ्या आणायला म्हसावदला गेला आणि चहाच्या टपरीवर त्याला वीरसिंग भेटला. वीरसिंग धडगावकडच्या डोंगरातला पावरा आदिवासी, अँब्युलन्सचा ड्रायव्हर. खाली सपाटीला राहून राहून अहिराणी बोलायला लागलेला.

“काका, तुम्ही कळसाडीना ना? त्या वीणावाला बाबासले लेवाले मीच उंथू.”

गिरधरने मान हलवली.

“माले सांगं, किलोमीटर सत्तेचाळीस. सत्तेचाळीस म्हनजे तापीपार, मोबाइलमा बी तठेच दखाडे. गऊ. दगड बरोबर सापडना, पन मानूस नही. रोडना दोन्ही बाजूले बॅटरी मारी मारी देखं. मंग तुम्हना गावथून फोन उना, तवय गाडी पलटाडी.” त्याने बशीत चहा ओतला. “माले एक समजत नही. तुम्हनाकडला सर्वा दगडवर नवा आकडा शे. त्या एकलाच दगडवर सत्तेचाळीस कोनी लिखा? त्र्याऐंशी ऱ्हाता ना काका, ते मी धा मिनिटमा पोचतू. आठून धा मिनिट.”

“कोनी लिखा, माले माहित नही,” गिरधर म्हणाला.

अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला. गोळ्यांची पिशवी टपरीवर राहिली. वीरसिंगने हाक मारून ती परत दिली.

त्या दिवसापासून त्याची अन्नावरची वासना उडाली. भिकुबाईला त्याने रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी जेवताना सांगितलं, ताटावरून हात न उचलता. तिने भाकरीचं टोपलं बाजूला सारलं.

“तुम्ही जानीसन थोडंच करं,” ती म्हणाली.

“नही.”

“मंग?”

“मंग काय. गुलाबवहिनीले सांगनं पडी.”

नवलसिंग रंगाचा डबा ठेवून गेला त्या संध्याकाळी गिरधर नवनीतच्या घरी गेला. सप्त्याआधी प्रत्येक घराला चुना द्यायचा, ही गावाची रीत. गुलाबबाई एकटीच शिडीवर उभी होती. लेक काजल सुरतेला सासरी परत गेलेली. भिंत अर्धी झाली होती. निळी. त्याला पाहून ती खाली उतरली, पदराने हात पुसले.

“बठा जिभाऊ. बरं व्हयनं उनात. त्या घोडावालाना फोन नंबर शे का कोनाकडे?”

“काब?”

तिने आतून झूल आणली. लाल कापडाची, कडेला आरशाचे तुकडे शिवलेली, चार घड्या करून ठेवलेली. “दोनदा धुई. आठला डाग काही निंघत नही. पन थंडीना दिन शेत, जिभाऊ. त्याना घोडा उघडा व्हई.”

गिरधरने झूल हातात घेतली. ती अजून किंचित ओलसर होती, साबणाचा वास येत होता.

“वहिनी, माले एक सांगनं शे.”

“सांगा.”

ती उभी राहिली. कोपरापर्यंत चुन्याचे शिंतोडे, कपाळ मोकळं. अंगणात बादलीतला चुना निवत होता. गिरधरने तोंड उघडलं. तेहतीस वर्षं त्याने आठ किलोमीटरचा एकही खड्डा दडवला नव्हता.

“झूल मी धाडसू,” तो म्हणाला. “दवाखानामा नंबर भेटी जाई.”

सप्ता बसला. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, दिवसाचे पहारे वाटून दिलेले असतात. नवनीतचा पहारा दुपारी दोन ते चारचा. तो गिरधरने मागून घेतला. सातही दिवस तो त्या वेळी देवापुढे उभा राहिला, नवनीतने आणलेल्या तारांवर बोट फिरवत, नाम घेत. इतक्या वर्षांत नामाने त्याला रिकाम्या हाती परत पाठवलं नव्हतं. ह्या सात दिवसांत त्याला एकच गोष्ट मिळाली: चारचौघांत बोलायचं धैर्य. एकांतात ते झालं नव्हतं. काल्याच्या दिवशी बोलायचं त्याने ठरवलं. कीर्तनात खोटं टिकत नाही, ही त्याची लहानपणापासूनची श्रद्धा.

काल्याचं कीर्तन सकाळी दहाला सुरू झालं. भाग्येश महाराज तिशीतले, गळा असा की पखवाजवाल्याचे हात आपोआप हलके व्हावेत. माणूस मनाचा स्वच्छ होता. गोकुळातल्या शिदोरीचं त्यांनी असं वर्णन केलं, की मांडवातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दह्याचा वास आला. गिरधर मागच्या ओळीत टाळ वाजवत होता. काही क्षण तर तो सगळं विसरला. मग महाराजांनी हात वर केला, टाळ थांबले, आणि नवलसिंगने माइक घेऊन गिरधरचं नाव पुकारलं.

पुढच्या खुर्चीत तालुक्याचे साहेब बसले होते. नवलसिंगने निवेदन वाचून दाखवलं. “शासनाने आमचा किलोमीटर परस्पर तापीपार नेला,” असं त्यात होतं, आणि “एका मैलकुलीने स्वखर्चाने गावाची ओळख जपली,” असंही होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. महाराजांनी शाल अंगावर घातली, हातात नारळ दिला. गिरधर पाया पडला आणि उठताना म्हणाला, “महाराज, माले बोलानं शे.”

महाराजांनी हसून माइक त्याच्यापुढे धरला.

“दगडवर नवा आकडा व्हता,” गिरधर म्हणाला. भोंग्यातून स्वतःचा आवाज ऐकून तो थबकला. “त्र्याऐंशी. तो मी पुसा. मन्ह्या हाते पुसा नि जुना लिखा. घोडावालानी मन्हा आकडा वाचा, म्हनीसन गाडी तापीपार गयी. गाडी म्हसावदलेच उभी व्हती. धा मिनिटमा येती. दोष कोनाच नही. नवनीतले मी मारं.”

साहेबांनी नवलसिंगकडे पाहिलं. नवलसिंग एक पाऊल पुढे आला, “आबा, बस व्हयनं, बठ,” असं दातांतून म्हणाला. पण त्याला पुढे काही करावं लागलं नाही. महाराजांचे डोळे भरून आले होते.

“पाहिलंत?” महाराज म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच कापत होता. “आपण ज्याचा सन्मान करतोय, तो म्हणतो, दोष माझा. मित्र गेला, चूक जगाची, आणि हा पाप आपल्या पदरात घेतो. अहो, हे मन कुठून येतं? तेहतीस वर्षं वाटसरूंची सेवा केली, त्या सेवेतून येतं. असं मन ज्या गावात आहे तिथे देव काला खायला येणार नाही तर कुठे जाईल?”

त्यांनी डोळे मिटून नाम उचललं. पखवाज कडाडला. अकरा जोड टाळ, गिरधरने नव्या दोऱ्या ओवलेले, एकदम वाजले. माणसं उभी राहिली. कुणी गिरधरच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन म्हाताऱ्या पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. नवलसिंग सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. महाराजांचा यात काही दोष नव्हता. कीर्तनात जे समोर येईल त्याचं सोनं करायचं, हीच त्यांची विद्या, आणि ती त्यांनी मनापासून केली. गिरधर शाल पांघरून त्या गजरात उभा राहिला. त्याने जे सांगितलं होतं ते त्याच्या डोळ्यांदेखत त्याचंच मोठेपण होऊन गेलं.

बायकांच्या बाजूला हातांची एक जोडी हलत नव्हती. गुलाबबाई खांबाला टेकून बसली होती. ती त्याच्याकडे बघत होती. मग ती उठली, दाटीतून वाट काढत बाहेर गेली. हंडी फुटायची होती. काला न घेता ती कधी घरी गेली नव्हती.

घरी आल्यावर गिरधरने शाल काढून दोरीवर टाकली.

“बोलनात?” भिकुबाईने विचारलं. ती स्वयंपाकाच्या बायकांबरोबर चुलीपाशी होती, तिला भोंग्याचं नीट ऐकू आलं नव्हतं.

“बोलनू.”

“आयकं का कोनी?”

“एकजननी आयकं.”

त्याच दुपारी तो चुन्याची बादली, काळा रंग आणि ब्रश घेऊन सायकलने फाट्यावर गेला. टोपी पिवळी केली. सत्तेचाळीसवर चुन्याचे दोन हात दिले, वाळेपर्यंत मोरीच्या कठड्यावर बसला, मग त्र्याऐंशी लिहिला. आधी पोट, मग मान.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर लाल सत्तेचाळीस होता. नवलसिंगच्या पोरांनी बाजेखालचाच डबा नेला असावा, कारण तो तिथे नव्हता. रंग ओघळून खाली आला होता. गिरधरने चुना दिला. ऑइलपेंटवर चुना धरत नाही. लाल खालून डोकावत राहिला. त्याने तरी त्र्याऐंशी लिहिला. तिसऱ्या दिवशी परत सत्तेचाळीस, आधीपेक्षा मोठा.

नवलसिंग त्याला पारावर भेटला. “आबा, तुन्हं डोकं फिरी गयं का? पुढला महिनामा साहेब जागा देखाले येनार शे. गाव एकीकडे, तू एकीकडे. नवनीतना नावनी तरी लाज ठेव.”

“ठेवस ना, बापू,” गिरधर म्हणाला. “तेच करी ऱ्हायनू.”

लोक आता त्याला पाहून बोलणं थांबवू लागले. काल्याच्या दिवशी ज्यांनी पायांवर डोकं ठेवलं होतं त्यांतलाच एक जण म्हणाला, की म्हाताऱ्याला सत्कार पचला नाही. सप्ता उठल्यावर पुसायला त्याच्याकडे आलेले टाळ मंदिरातून परत मागून नेले. गिरधरने ते पुसून, मोजून दिले. अकरा जोड. बारावा, नवनीतशेजारी उभं राहून वाजवलेला, त्याचा स्वतःचा होता.

चौथ्या दिवशी तो जरा उशिरा निघाला. उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे चालल्या होत्या. लांबूनच त्याला दगड दिसला आणि त्याने सायकलवरून पाय खाली टेकवला.

दगड निळा होता.

लाल रंग कुठेच दिसत नव्हता. चुना ब्रशने दिलेला नव्हता. जाड, तीन-तीन थर, हातानेच चोपडलेला. खालून लाल वर येऊ नये म्हणून मुठीमुठीने दाबलेला. चुन्याने हाताची सालं निघाली असतील. अजून तो ओला होता. एका बाजूला चार बोटं खालपर्यंत ओढली गेली होती, रागाने ओढावीत तशी, किंवा थकून टेकावीत तशी. गवतात निळ्या थेंबांची माळ फाट्याच्या रस्त्याने गावाकडे गेली होती.

गिरधरने सायकल मोरीला लावली. कठड्यावर बसून तो चुना वाळायची वाट पाहू लागला. शेजारची जागा त्याने सवयीने मोकळी ठेवली होती. दोन ट्रक गेले, एक बस गेली. कंडक्टरने त्याला ओळखून हात केला. ऊन दगडावर आलं.

मग तो उठला, गुडघे टेकले, ब्रश काळ्या रंगात बुडवला. आठचं पोट काढलं. मान काढली. तीनसाठी ब्रश टेकवला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आकडा नेहमीच्या जागी लिहिला तर तो त्या चार बोटांच्या ओढीवर येईल. त्याने फडकं ओलं करून आठ पुसला, वीतभर डावीकडे सरकला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.